गाईसाठी चुरी

आज तव्यावर मूगडाळीचं धिरडं टाकलं आणि त्या वासानं मला थेट इतवारीतल्या डाळीच्या दुकानात नेऊन उभं केलं. मी तेव्हा दुसरीत असेन. डाळ भरडताना जो चुरा पडतो, ती चुरी गुरांसाठी स्वस्तात विकत. अख्खी डाळ आम्हाला परवडायची नाही, पण पोरींच्या पोटात रोज डाळ गेलीच पाहिजे, हा आईचा हट्ट. ज्वारीच्या पिठात चुरी मिसळून ती भाकरी थापायची.

"गाईसाठीच पायजे ना, बाई?" म्हातारे दुकानदार दरवेळी विचारायचे.

"हो, गाईलेच," आई दुसरीकडे पाहत म्हणायची. महाल भागातल्या आमच्या दोन खोल्यांत गाय कुठून असणार!

एके दिवशी ते आतून वेगळी पिशवी घेऊन आले. "ही न्या. चाळून, निवडून ठेवली. खडा नको यायले तिच्या दाताखाली."

गल्लीत वळल्यावर आई हसली. "काही समजलं नाही त्यायले."

मीही हसले होते. आज धिरडं उलटताना हात थांबला. गाईसाठी कोणी खडे निवडतं का?