संस्थेची नाडी बघणारे व्याही

कुठलीही धर्मादाय संस्था जगणार की मरणार, हे दारातूनच सांगणारा माणूस अख्ख्या रत्नागिरीत एकच, आणि तो माझा व्याही, म्हणजे मुलीचा सासरा. मी चौथी नापास, मला हिशेबातलं काय कळतंय? पण बँकेतून निवृत्त झाल्यापासून ते जिथे सभा तिथे जातात, मला ओढून नेतात, आणि फुकटचा चहा पिऊन पिऊन मलाही थोडं कळायला लागलं. जमाखर्च ते शेवटी वाचतात. आधी संडास बघतात. "साफ असला म्हणजे उद्याचा विचार करणारं कोणीतरी आहे." एका अध्यक्षांनी छाती फुगवून सांगितलं, "आम्ही ऑफिसवर पैसाही खर्च करत नाही!" तर हे माझ्या कानात, पण सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं, म्हणाले, "लवकरच कुलूप." लागलं. एकाच दुबईवाल्याच्या देणगीवर चाललेल्या संस्थेत गेले की यांचा पहिला प्रश्न, "साखर किती असते ओ त्यांची?" लोक यांना बोलवायला घाबरतात, न बोलवायला त्याहून घाबरतात. चुकले फक्त एका नाट्यमंडळाच्या बाबतीत. तिथे सगळे एकमेकांच्या उरावर बसलेले, म्हणून यांनी आशा सोडली, आणि मंडळ अजून ठणठणीत. तेव्हापासून म्हणतात, "भांडतात म्हणजे जीव आहे."

माझी बायको आमच्या पडवीत आजाऱ्यांचं सामान ठेवायची. पलंग, वॉकर, चाकाच्या खुर्च्या. ज्याला लागेल त्याने न्यावं, बरं झालं की आणून द्यावं. गेल्या पावसाळ्यात ती गेली, त्यातल्याच एका पलंगावर. मग मी यांना बोलावलं. म्हटलं, "व्याही, खोटं बोलू नका. हे जगेल काय?"

त्या दिवशी त्यांनी संडास बघितला नाही. खुर्चीचं चाक फिरवून बघत बसले. "एकट्या विहीणबाईंवर उभं होतं ओ सगळं."

"म्हणजे मेलं."

"तसं कुठे म्हटलं मी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तेलाची बाटली घेऊन हजर. तेव्हापासून रोज येतात, चाकांना तेल घालतात, खुर्ची चिखलाने माखून आणणाऱ्याला झापतात, आणि जाताना त्याच्याकडूनच जमेल तेवढी वर्गणी घेतात.

परवा एकजण आईसाठी पलंग मागायला आला. बाकीचे पलंग गेलेले, ही गेली तोच उरला होता. मी म्हटलं, "नाही." व्याह्यांनी मान वर केली नाही. तेल घालत राहिले, कोरड्या झालेल्या चाकाला नाही, आधीच घातलेल्या चाकाला. तो माणूस फाटकापर्यंत पोचला तेव्हा मीच हाक मारली, "अरे थांब रे, गादी झाडून देतो."

टेम्पो गेल्यावर विचारलं, "आता तरी सांगा. टिकेल?"

"आता नाही सांगता येत," ते म्हणाले. "मी बाहेरून बघायचो. आता आत बसलोय."

पलंगाच्या पायांच्या चार खुणा कोब्यावर राहिल्यात. आम्ही तिथेच खुर्च्या टाकून चहा पितो. चहा मी करतो. बिघडतो. ते कप रिकामा करतात.