इंग्रजी सिनेमाची सीडी

मी घरातला पहिला पदवीधर झालो तो मामीमुळे. परवा माळ्यावर जुना सीडी प्लेअर सापडला आणि केनवडचा बाजार आठवला. मी तेव्हा मामीकडे राहून शिकत होतो. लोडशेडिंगमुळे तिच्या आवडत्या मालिकेचा शेवट हुकला होता, म्हणून तिची सीडी घ्यायला आम्ही गेलो. मामीने ती हातात घेतली, परत ठेवली आणि इंग्रजी सिनेमाची उचलली. "मामी, अन् तुयी मालिका?" "मले कायले? तुयं इंग्रजी सुधरन!" संध्याकाळी ती पडद्याऐवजी माझ्याच तोंडाकडे पाहत बसली. मी हसलो की तीही हसायची. "काय म्हने रे तो?" असं विचारलं की मी काहीतरी ठोकून द्यायचो. दुसऱ्या दिवशी ती शेजारणींना कौतुकाने सांगत होती, "आमच्या पोराले समदं समजते." काल मी तिला पत्र टाकलं: "मामी, त्या सिनेमातलं मलेही काईच समजलं नव्हतं."