उलटं पातं

“शोकेसमध्ये ठेवायला नेत असेल रे,” जुन्या बाजारातला विक्रेता शेजारच्याला म्हणाला. लाकूड तासायचा एक जुना रंधा हातात घेऊन मी समोरच उभी होते. इंग्रजी शाळेमुळे माझं मराठी चारचौघांत अडखळतं. असं काही ऐकलं की मी वस्तू ठेवून निघून जाते. आजही तेच करणार होते. पण कुण्या सुताराच्या तळहाताने रंध्याच्या मुठीवर खळगा पडला होता आणि माझा तळवा त्यात नेमका बसला. घरी माझं अर्धवट टेबल गच्चीवर पडलंय. माणसं आधी माझे कपडे बघतात. या मुठीने फक्त हात बघितला. मग ती खाली का ठेवायची?

“काका,” मी म्हणाले, “पातं उलटं बसवलंय तुम्ही. सरळ करून मीच चालवणार आहे.”