जेवणावर चहा नाही

माझी मैत्रीण शिवणकारखान्याच्या खानावळीत स्वयंपाक करते. माझ्याहून बरीच मोठी आहे. सगळे तिला तोफ म्हणतात आणि तिला ते आवडतं.

मी तिथेच कचेरीत बसते, त्यामुळे सगळं डोळ्यांनी पाहिलं.

शिवणाचा हॉल वर, खानावळ खाली. जेवण करून बायका वर जायच्या आणि थोड्या वेळानं कुणाला तरी धरून खाली आणावं लागायचं. डोळ्यांपुढे अंधारी. एकदा काजं करणारी मुलगी मशीनवरच कोसळली. बोट सुईखाली जाता जाता वाचलं.

कारखान्याच्या नर्सनं तिची पापणी ओढून पाहिली. आत लाली नव्हती.

"रक्त कमी. भात-बटाटा खायचा, वर लगेच कडक चहा. अन्नात असेल-नसेल ते लोहसुद्धा चहा अंगी लागू देत नाही."

तोफेला हे जिव्हारी लागलं. "माझ्या हातचं खाऊन पोरी पडतात? म्हणजे मी काय भुसा रांधते?"

बटाटा गेला. पालेभाजी आली, मोड आलेली कडधान्यं आली, प्रत्येक ताटात लिंबाची फोड आली. जेवणावरचा चहा बंद. तो आता दुपार कलल्यावर.

खानावळ डोक्यावर घेतली बायकांनी. बटणं लावणारी मावशी सगळ्यांच्या पुढे.

"आम्ही काय शेळ्या आहोत, पाला खायला?"

"शेळ्या चक्कर येऊन पडत नाहीत, मावशी. लिंबू पिळा."

चहाला वेगळी सुट्टी नव्हती. म्हणून तोफ स्वतः किटली घेऊन वर जायची, मशीनांमधून वाट काढत. कापडाजवळ चहा न्यायला बंदी होती. वरच्या सुपरवायझर बाई काणाडोळा करत. काही महिने असेच गेले. नर्सच्या खोलीतला पलंग बहुतेक रिकामा असायचा. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. बायका कुरकुरायच्या ते जेवणावरच्या चहासाठी.

मग एक दिवस किटलीचं झाकण निसटलं. पांढऱ्या कापडाच्या गठ्ठ्यावर चहा सांडला.

मॅनेजर खाली आले. "किल्ली ठेवा. उद्यापासून जेवण बाहेरून येईल."

तिनं कोठीची किल्ली टेबलावर ठेवली. "कापडाची चूक माझी. जेवणाची नाही."

तिचा एवढा हळू आवाज मी कधी ऐकला नव्हता.

तेवढ्यात वरची घरघर थांबली. जिन्यात पावलं वाजली. मावशी पुढे, मागे अख्खा हॉल. मला वाटलं, आता ही उरलासुरला राग काढणार.

"साहेब, चहासाठी मी हिच्याशी भांडले," मावशी म्हणाली, "आणि उद्याही भांडेन. तोंडाची फटकळ आहे मेली. पण पूर्वी घरचा जिना चढताना मी मध्येच बसायचे. आता सरळ वर जाते. बाहेरचं जेवण तुम्ही खा."

"आणि काम कोण करणार?"

"तेच तर. पडलेल्या बायका काम करत नाहीत. जेवणाची सुट्टी थोडी कापा, दुपारी जिन्यात चहा द्या. कापड वर, चहा खाली."

मॅनेजरांनी सगळ्यांकडे पाहिलं. मग किल्ली तोफेकडे सरकवली.

तिनं ती लगेच उचलली नाही. मी मनात म्हणत होते, घे बाई, घे पटकन.

"इस्त्रीवर ती नवी मुलगी आहे ना," ती म्हणाली, "ती अर्धं ताट टाकून उठते. नखं पांढरीफटक आहेत तिची. उद्यापासून ती माझ्यासमोर बसून जेवणार. तिच्या इस्त्रीची घाई चालणार नाही."

मॅनेजर "बरं" म्हणाले.

मग तिनं किल्ली कमरेला खोचली आणि वळली. आवाज पुन्हा दोन मजले चढला.

"बघताय काय? वर जा सगळ्या! उद्या पालक आहे."

मी तिथेच उभी राहिले. ही माझी मैत्रीण आहे, हे शेजारी उभ्या असलेल्या हिशेबनिसाला मी उगाचच सांगून टाकलं.