लझरची मोटर

हनियाखाला आणि तिचा धाकटा भाऊ लझर अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. बापाच्या खजुराच्या बागेवरून वाजलं आणि लझर म्हणाला, "माझ्या मयतीलासुद्धा येऊ नकोस!" ही बया तरी काय कमी? तिने पुन्हा त्या वाटेला पाऊल टाकलं नाही.

पण भाऊ धडधाकट आहे हे तिला रोज पहाटे कळायचं. गाव विजेच्या लांबलचक तारेच्या पार टोकाला, तिथवर वीज अपुरीच पोचायची. लझरने बागेतली मोटर लावली, की हिच्या घरातला दिवा मंद व्हायचा. "उठला बाई एकदाचा," म्हणत ती कोळशावर चहा ठेवायची.

मग गावातल्या विजेच्या खांबापाशी कपाटाएवढी पांढरी पेटी बसली. वीजवाला वाहिद म्हणाला, "खाला, आत बॅटऱ्या आहेत. आता तुझा फ्रिज जळायचा नाही." फ्रिजचं ऐकून ही इतकी खूश, की पुढचं काही कानात शिरलंच नाही.

दुसऱ्या पहाटे दिवा मंद झाला नाही. आळस केला असेल मेल्याने. तिसऱ्या पहाटेही नाही. हनिया गोंधळली. मोटर बिघडली? की तापाने पडलाय? गेलाबिला असता तर मशिदीच्या भोंग्यावर सांगितलं असतं. पण एकटा माणूस, कुणी बघायला तर जायला हवं! विचारावं कुणाला? अकरा वर्षं त्याचं नाव काढलं नव्हतं, आता कुठल्या तोंडाने काढणार? तिने दिवा विझवून पुन्हा लावला. दिवा आपला लख्खच.

शेवटी चपला अडकवून ती निघालीच. बागेशी पोचते तो मोटरची घरघर कानावर. हिला काही उमगेना. मोटर चालू, मग दिवा का नाही मंदावला? पाटाच्या पाण्यात फावडं घेऊन लझर उभा होता, चांगला ठणठणीत.

"काय गं? कोण गेलं?"

"कोणी नाही. तुझी मोटर लागली की माझा दिवा मंद व्हायचा. दोन दिवस झालाच नाही."

"ती पेटी आली ना. मोटर लावली तरी आता वीज कमी पडत नाही, नाही व्हायचा मंद." लझरने तिच्याकडे बघितलं. "रोज बघायचीस?"

"मग काय करणार होते? तूच येऊ नको म्हणालास!"

लझरने उगीच फावडं या हातातून त्या हातात घेतलं.

"मग उद्या कसं कळेल तुला?"

हनिया तिथेच बांधावर बसली, आणि लझर तिला ऊठ म्हणाला नाही.