आक्कांच्या बाटलीचं लेबल

ही हकीकत मी आजवर टाळत आलो. दवाखान्यातल्या बाकीच्या गोष्टी मी रंगवून सांगतो. आक्कांचं नाव निघालं की पाणी मागतो आणि विषय बदलतो. आता ती ठाऊक असलेला मी एकटाच उरलो आहे. तेव्हा लिहून मोकळा होतो.

दिवेलागणीला शाळेतले मास्तर आपल्या आईला हाताला धरून घेऊन आले. दारात कंदील जळत होता, तरी आक्का उंबऱ्याला ठेचकाळल्या.

"कल्याणचा दवाखाना म्हणजे नुसते उंबरेच उंबरे," त्या म्हणाल्या.

मी तिथे हॉस्पिटल असिस्टंट होतो. म्हणजे डॉक्टर नव्हे. पण सिव्हिल सर्जन साहेब ठाण्याला बसत, कधीमधी तपासणीला येत. एरवी डॉक्टर मीच.

"दिवसा पोथी वाचता येते?"

"येते की. संध्याकाळ झाली की सगळा काळोख. काल तुळशीपुढे दिवा लावायला गेले आणि वृंदावनावर आपटले."

मी त्यांचे डोळे पाहिले. पांढऱ्या भागाची चकाकी गेली होती. रातांधळेपणा तसा साधा आजार, पण डोळा असा कोरडा पडू लागला की घाई करावी लागते. पुढे बुबुळ मऊ पडतं आणि दिवसाचंही दिसणं जातं. असे दोन डोळे मी पूर्वी हातचे घालवले होते.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. आक्का विधवा, दिवसातून एकदा जेवणाऱ्या. यजमान गेल्यापासून त्यांनी दूध आणि तूप सोडलं होतं. चातुर्मासात पालेभाजीही नाही. भात, मीठ आणि देवाचं नाव यांवर माणूस जगतो, डोळे जगत नाहीत.

"सध्या घरी काय काय घेता?" मी विचारलं. हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारत असे. लोक दवाखान्याचं मिक्श्चर घेतात, शेजारणीचा काढाही घेतात आणि दोन्हीकडे एकमेकांचं लपवतात. मग गुण कशाने आला आणि उलटी कशाने झाली, ते कोणालाच कळत नाही.

आळीतल्या वैद्यांनी हदग्याचा पाला तेलात परतून खायला सांगितला होता. शिवाय मास्तरांनी मुंबईहून एक विलायती टॉनिक आणलं होतं. बाटली त्यांच्या खिशातच होती. मी ती उजेडात धरली.

"लेबल वाचलंत?"

"वाचलं. अशक्तपणावर रामबाण आहे म्हणे."

"ते मोठ्या अक्षरांत. खालची बारीक ओळ?"

मास्तरांनी बाटली डोळ्यांजवळ नेली आणि त्यांचा चेहरा उतरला. ते माझ्या कानाशी आले. "यात स्पिरिट आहे?"

"दारूच म्हणा. गुण आला का?"

"दोन दिवस आई फार आनंदात होती हो."

"असणारच."

ती बाटली मी ठेवून घेतली आणि मास्तरांना सुनावलं. शिकलेला माणूस तुम्ही. आत काय आहे ते न पाहता आईला पाजता? हदग्याचा पालाही मी बंद केला. दोन औषधं एका पोटात नकोत, म्हणालो. नियम चांगलाच आहे. पण त्या दिवशी तो नियमापोटी कमी आणि वैद्यांवरच्या तोऱ्यापोटी जास्त सांगितला.

या आजारावर माझ्याकडे हमखास औषध होतं. कॉडलिव्हर ऑइल, म्हणजे विलायती माशाच्या काळजाचं तेल. ते संपलं की आम्ही खाडीवरच्या कोळ्यांकडून मुशीचं तेल घेत असू. मुशी हाही मासाच, आणि गुणाला तेल तितकंच चांगलं. तेल आणून देणारी कोळीण म्हणे, "वासाला काय नाकं मुरडता? आमची पोरा बोटा चाटतान."

आक्का बोटं चाटणाऱ्यांतल्या नव्हत्या. आंघोळ करून सोवळ्यात स्वयंपाक, मासळीवाली गल्लीत आली की दार बंद. दुसऱ्या दिवशी मी मास्तरांना एकटं बोलावून काय ते सांगितलं. त्यांनी खाली बघतच विचारलं:

"आईला सांगाल?"

"सांगितलं तर घेणार नाहीत."

"मग मला काही विचारू नका. मला ठाऊक नाही असं धरा."

त्याच आठवड्यात साहेब तपासणीला आले. मी केस सांगितली. साहेबांचं मराठी तोडकं होतं, पण सरळ होतं.

"बाईला ठाऊक, यात मासा आहे?"

"नाही सर. कळलं तर औषध घेणार नाहीत."

"तर नाही घेईल. तिचा डोळा, तिचा धर्म. तू सांगून दे."

"यस सर," मी म्हणालो.

साहेबांची गाडी ठाण्याकडे गेल्यावर मी कॉडलिव्हर ऑइलची बाटली गरम पाण्यात धरून तिचं लेबल खरवडून काढलं. तेलात लिंबाचा रस आणि वेलदोडा घालून ते घोटलं. मास्तरांना बारीक अक्षरांवरून सुनावणारा मीच.

आक्कांनी ती बाटली देव्हाऱ्यात ठेवली. औषध म्हणजे गंगाजळ, असं मानणाऱ्या त्या. पूजा झाली की नमस्कार करून एक चमचा घेत. लवकरच संध्याकाळी समईची ज्योत दिसू लागली. मग त्यांनी घरगुती हिशेब केला: एका चमच्याने ज्योत दिसते, तर तीन चमच्यांनी अख्खं घर दिसेल. पोट बिघडलं, उलट्या झाल्या. टॉनिक असो, तेल असो, पाला असो, लोकांना वाटतं की गुण येतोय म्हणजे मोजायला नको. मी त्यांच्या घरी धावलो आणि डोस पुन्हा एक चमच्यावर आणला.

तेव्हा आक्का बाटलीचं बूच काढून बसल्या होत्या. दिवस उन्हाळ्याचे, वेलदोड्याचा वास उडून गेला होता.

"डॉक्टर, जरा वास घ्या. मला हा मासळीसारखा वाटतो. खरं सांगा, हे कसलं तेल?"

मास्तर उठून आत गेले. आक्का माझ्याकडे बघत होत्या, आणि आता त्यांना दिसत होतं.

"विलायती बियांचं," मी म्हणालो. "उन्हाने उतरलंय. नवी बाटली देतो."

"तुम्ही सांगता ना, मग झालं," म्हणत त्यांनी बूच लावलं.

तोवर मी फक्त गप्प होतो. त्या दिवशी खोटं बोललो.

आक्का पूर्ण बऱ्या झाल्या. चांदण्यात रांगोळी घालू लागल्या. दवाखान्याचं नाव झालं, माझंही झालं. पुढे माझी बदली ठाण्याला ठरली तेव्हा त्या निरोपाला आल्या.

"ह्यांच्या दुखण्यात वैद्यांनी बकऱ्याच्या काळजाचा रस सांगितला होता," त्या म्हणाल्या. "मी नाक दाबून रांधला असता हो. मागून प्रायश्चित्त घेतलं असतं. पण त्यांना विचारलं, ते नको म्हणाले. मग मी आग्रह केला नाही. तुम्ही मात्र माझे डोळेही राखलेत आणि धर्मही."

मी म्हणालो, "पथ्य सांभाळा, आक्का."

ठाण्याला आल्यावर तशीच एक बाई आली, कळव्याची. तिला मी सगळं सांगितलं. तिने हात जोडून तेल नाकारलं. मग मी तिला दूध-तूप चालू करायला लावलं आणि तेलात परतलेला हदग्याचा पाला रोज खायला सांगितला. आक्कांपेक्षा वेळ जास्त लागला, पण तिलाही दिसू लागलं. तेव्हा कळलं की आक्कांपुढे दुसरी वाट होती. ती मीच बंद केली होती.

माशाच्या तेलाबद्दल माझं मत आजही बदललेलं नाही. औषध उत्तम आहे. पाला चांगला, तेल चांगलं, काढाही चांगला, मात्र आत काय आहे ते घेणाऱ्याला ठाऊक हवं, आणि चमचा मोजलेला हवा. रोगी बरा झाला एवढ्यावरून डॉक्टर बरोबर ठरत नाही.

त्यानंतर मी कल्याणला पुष्कळदा गेलो. एकदा आक्कांच्या ओट्यापर्यंत पोचलो. त्या तांदूळ निवडत होत्या, लहानसा खडाही सुटत नव्हता. मला बघून हसल्या, "या, डॉक्टर," म्हणाल्या आणि पाट मांडला. मी बसलो, चहा घेतला, मास्तरांची चौकशी केली आणि तेलाचं न सांगताच उठून आलो. पुढच्या हिवाळ्यात त्या गेल्या. सांगायचं होतं ते एवढंच: आक्का, त्या बाटलीत मासा होता. घ्यायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं होतं, ते मी ठरवलं. मला क्षमा करा.