लेकीची कालवड

माझी लेक अकरा वर्षांची असताना मी तिची एक गोष्ट चोरली. नवरा म्हणतो, चोरली काय म्हणतेस, आई आहेस, मदत केलीस. मदत काय कप्पाळ! मदत कशी असते ते मला चांगलं कळतं, आणि तेव्हाही कळत होतं.

आम्ही लायडस्खेनडाम नावाच्या डच गावात राहतो. घरापासून सायकलनं दहा मिनिटं गेलं की वस्ती संपते आणि कुरणं लागतात. तिथल्या एका शेतकरी कुटुंबाकडे दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर शाळेतल्या आठ-दहा मुलांना एकेक वासरू सांभाळायला देतात. वासरू त्यांचंच, राहतं त्यांच्याच गोठ्यात. मुलानं जायचं, खरारा करायचा, खालचं गवत बदलायचं, तोंडाला दोरीची मोरकी घालून चालायला शिकवायचं आणि सप्टेंबरात गावच्या जत्रेत पांढरे कपडे घालून त्याला रिंगणात फिरवून दाखवायचं. वासरू स्वच्छ आहे का आणि मुलाबरोबर शहाण्यासारखं चालतं का, एवढंच परीक्षक बघतो. इथल्या शेतकऱ्यांची पोरं हे कायमच करत आली आहेत. आता आमच्यासारख्यांचीही करतात.

लेकीनं शाळेत हे ऐकलं आणि हट्ट धरला. खरं सांगायचं तर तिच्यापेक्षा मीच जास्त हरखले. माझं माहेर तासगावजवळचं, दारात कायम दोन म्हशी आणि एखादी गाय. इथे आले ती नवऱ्याच्या व्हिसावर. आता घरून अर्धवेळ सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करते, पण डॉक्टर, शाळा, गेमेंते म्हणजे इथली नगरपालिका, कुठेही गेलं की अजून मीच अडाणी ठरते. माझीच लेक मला दुकानात हळूच सांगते, आई, असं नाही म्हणत. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच असं काही समोर आलं होतं, ज्यात मला इतर आयांपेक्षा चार गोष्टी जास्त कळत होत्या.

पहिल्या दिवशी शेतकरीणबाईंनी सगळ्या पालकांना गोठ्याबाहेर कॉफी दिली. साठीची बाई, रबरी बूट, बोलणं अगदी मोजकं. त्या म्हणाल्या की तुम्ही मुलांना आणायचं आणि न्यायचं, बाकी मुलं करतील ते करतील. मी सगळ्यात जोरात मान हलवली.

लेकीला काळीपांढरी कालवड मिळाली, कपाळावर बोटाएवढा ठिपका. बुधवारी शाळा दुपारी सुटते, तेव्हा आणि शनिवारी आम्ही जायचो. बाकीची मुलं पहिल्याच आठवड्यात दोरी धरून ओढाताण करायला लागली. आमची लेक बादली पालथी घालून कालवडीशेजारी बसायची. खरारा करायची आणि तिच्याशी डचमध्ये गप्पा मारायची. शाळेत काय झालं, कोण कोणाशी बोलत नाही, सगळं. दोरी ओढली आणि कालवड अडली की ही सोडून द्यायची. म्हणायची, तिला आज नको आहे. महिना गेला, दीड महिना गेला, बाकीची वासरं अंगणात चकरा मारायला लागली आणि आमच्या दोघी आपल्या तिथेच. माझे हात नुसते शिवशिवत होते.

आता हे इथल्या लोकांना सांगितलं तर समजणार नाही, पण आपल्याकडे कोणालाही समजेल. मला सातवीत कार्यानुभवात पहिला नंबर मिळाला होता तो मावशीनं विणलेल्या रुमालावर. वर्गातल्या निम्म्या मुलींचे रुमाल कोणा ना कोणा मावशीचेच होते आणि बाईंनाही ते माहीत होतं. मुलाचा प्रोजेक्ट आईनं करायचा, भाषण वडिलांनी लिहायचं, यात आपल्याला काही वावगं वाटतच नाही. पोर मागे पडू नये, बस. बाकीचे आईबाप कॉफीचे कप घेऊन कुंपणावर रेलून असायचे, तेव्हा मला वाटायचं, काय बेफिकीर माणसं आहेत ही.

जूनमध्ये एका मंगळवारी सकाळी मी दूध आणायच्या निमित्तानं एकटीच तिकडे गेले. खिशात गुळाचा खडा होता. होता म्हणजे, मीच मुद्दाम ठेवला होता. शेतकरीणबाई भेटल्या, त्यांना ठोकून दिलं की लेकीला शाळा असते, तिनंच मला सांगितलंय कालवडीला फिरवून आण म्हणून. त्यांनी विचारलं, तिला माहीत आहे ना? मी हो म्हटलं. तोंडातून कसं सहज गेलं ते.

मग काय, गळ्याखालची लोंबती पोळी खाजवली, जिभेनं टकटक केलं, 'चल बये' म्हटलं, गूळ नाकाशी धरला आणि दोन पावलं पुढे गेले. बया चालली की! लहानपणी सकाळी पाण्यावर जनावरं न्यायचे ते सगळं अंगात परत आलं. किती वर्षांनी मला कोणी न दुरुस्त करता काहीतरी जमत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळीही गेले. नंतर रोजच जायला लागले. लेक शाळेत गेली की मी निळं रेनकोटाचं जाकीट चढवायचे आणि सायकल काढायचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती पोहायला गेली की मी इकडे. कालवड मला लांबून बघून हंबरायला लागली. मला त्याचं इतकं सुख वाटायचं की लेकीचं नाव पुढे करून मी स्वतःसाठीच जातेय, हेही माझ्या लक्षात येत होतं आणि मी तिकडे काणाडोळा करत होते.

एका शनिवारी लेकीनं दोरी धरली आणि कालवड तिच्या मागे निमूट चालली. पूर्ण अंगण. लेक वळून माझ्याकडे बघत राहिली, तिला हसावं की रडावं कळेना. घरी येऊन तिनं माझ्या आईला व्हिडिओ कॉल लावला आणि तोडक्या मराठीत सांगितलं की मी घाई केली नाही, म्हणून आता कालवडीचा माझ्यावर विश्वास आहे. माझी आई कौतुकानं कानशिलावर बोटं मोडत होती. मी मागे ओट्याशी उभी राहून कांदा चिरत होते. तेव्हाच सांगायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण तिचा चेहरा इतका फुललेला होता की मी स्वतःला समजावलं, कशाला उगाच विरस करा. ही सबब मला अजून पाठ आहे.

जत्रेच्या दिवशी मी रायस्वाइकला राहणाऱ्या माझ्या मराठी मैत्रिणीला आणि तिच्या घरच्यांना बोलावलं होतं. आमच्या मराठी ग्रुपवर फोटो आधीच टाकले होते, सगळ्यांचे शाबासकीचे अंगठे आले होते. मी पांढरा शर्ट आणि पांढरी पँट कडक इस्त्री केली होती, डब्यात पोहे घेतले होते. लेक नंबरची पाटी आणायला गेली तेवढ्यात मी कालवडीला गुळाचा एक खडा चारला. आज नीट चाल हं बये, म्हटलं. उरलेला गूळ जाकिटाच्या खिशात टाकला आणि दोराच्या कुंपणाशी अगदी पुढे जाऊन उभी राहिले, म्हणजे फोटो चांगले येतील.

आठ मुलं रिंगणात आली. लेक चौथी. पहिली अर्धी फेरी दोघी सुंदर चालल्या, ही ताठ, ती ताठ. मैत्रीण व्हिडिओ घेत होती. मग त्या वळणावर आल्या आणि कालवडीनं मला पाहिलं. ती थांबली, हंबरली आणि सरळ माझ्याकडे निघाली. लेकीनं दोरी धरून ठेवली. सहा महिन्यांचं जनावर म्हणजे अकरा वर्षांच्या पोरीपेक्षा कितीतरी जड. लेक घसरली, गुडघ्यांवर पडली, तरी तिनं दोरी सोडली नाही, कारण दोरी कधीही सोडायची नाही हे त्यांना शिकवलेलं होतं. चिखलातून तशीच फरफटत ती माझ्या पायाशी आली. कालवडीनं माझ्या खिशात तोंड घातलं आणि गूळ शोधायला लागली. लोक हसले. वाईट नाही, आपलं मजेनं हसले.

शेतकरीणबाई मदतीला धावल्या. लेकीला उठवता उठवता त्या सहज म्हणाल्या, "तिला आईची सवय झालीय ना. रोज सकाळी येते की ती, तुझ्याऐवजी."

लेकीनं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्या खिशाकडे. खिशाबाहेर कालवडीची लाळ आणि गुळाचा चिकट चुरा होता. मी दोन्ही हातांनी कालवडीचं तोंड बाजूला सारायला लागले. लाजेनं माझे कान तापले होते. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं आणि कालवड मला सोडत नव्हती.

परीक्षक जवळ आले, हातात माईक. त्यांनी लेकीला विचारलं की काय झालं, पुन्हा फिरवायचा प्रयत्न करणार का. मला वाटलं, आता ही सगळं सांगणार. सांगायलाच हवं होतं तिनं, मी त्याच लायकीची होते. ती डचमध्ये अगदी शांतपणे म्हणाली की आपला गुडघा दुखावलाय, उरलेली फेरी आपली आई पूर्ण करेल. परीक्षकांनी ते हसत माईकवरून सगळ्यांना सांगितलं.

मग तिनं दोरी माझ्या हातात दिली. घरी ती माझ्या मराठीला डचमध्येच उत्तर देते. तेव्हा मात्र मराठीत बोलली, परीक्षकांना आणि शेतकरीणबाईंना कळू नये म्हणून.

"तू फिरव. तुझीच आहे ती."

मी नाही म्हणू शकले नाही. माईकवरून सांगून झालं होतं, सगळे वाट बघत होते. दोराखालून वाकून आत गेले आणि सात पांढऱ्या कपड्यांतल्या मुलांमध्ये, निळ्या जाकिटात, कालवडीला घेऊन चालायला लागले. ती काय चालली म्हणून सांगू! मान वर, पाऊल एकसारखं, दोरी सैल. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्या माझ्यासाठी होत्या. मला जन्मात एवढं मेल्याहून मेल्यासारखं झालं नव्हतं.

फेरीत मी कुंपणाजवळून जात होते तेव्हा लेक आता दोराच्या बाहेर, माझ्या जागी उभी होती. रायस्वाइकची मैत्रीण तिच्यापुढे ओणवी होऊन पाण्याची बाटली उघडत होती आणि विचारत होती, कुठला गं गुडघा, बाळा? लेकीनं चिखलानं माखलेल्या दोन्ही गुडघ्यांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग तिनं उजवा दाखवला.